ठराव क्रमांक नऊ: कोणासही न सांगता

आखाडा बाळापूरला उतरून कोणत्याही काळीपिवळीवाल्याला "ठराववाल्या जळबांचं गाव" एवढं सांगितलं, की तो पुढचं काही न विचारता गाडीत बसवतो. गावाला स्वतःचं चांगलं नाव आहे, फाट्यावर पाटीही आहे. पण गेल्या तीस एप्रिलपासून ते नाव कोणी घेत नाही. याचा सगळ्यात जास्त अभिमान खुद्द जळबांना आहे. ते तो लपवून ठेवतात, म्हणजे दिवसातून चार-पाच वेळाच सांगतात.

जळबा खंदारे त्या गावच्या ग्रामपंचायतीचे लिपिक. अठ्ठावीस वर्षं ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक त्यांच्या हातचं. सरपंच पडले, ग्रामसेवक बदलले, कार्यालयाच्या भिंतीचा रंग तीनदा उडाला. बुकातलं अक्षर तेच राहिलं. टपोरं, उभं, शाळेच्या प्रार्थनेला रांगेत लावल्यासारखं. आणि त्या बुकाबाबत जळबांचा एकच नियम होता: कागदावर आलं की झालं, खाडाखोड न्हाई.

हा नियम सगळ्यात महागात पडला संतरामला. चार वर्षांपूर्वी भर सभेत, भांडणाच्या तारेत, संतराम बोलून गेला होता की रस्ता रुंद व्हायचा असेल तर मी माझा ओटा दोन हात मागं घेतो. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तार उतरली आणि तो जळबांकडे आला, ते वाक्य तेवढं खोडा म्हणाला. जळबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "संतराम, ह्ये बुक हाय, पाटी न्हाई." ओटा पाडावा लागला. तेव्हापासून संतराम उरलेल्या अर्ध्या ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असे. लोकांना वाटे, बसायला जागा नाही म्हणून अवघडून बसलाय. तो वाट बघून राहिला होता.

आता जळबांचं एक गुपित. त्यांना सायकल येत नव्हती. लहानपणी राहिलं, तरुणपणी लाज वाटली, आणि नोकरी लागल्यावर तर पदाचा प्रश्न आला. कोणी सायकल देऊ केलीच तर म्हणायचे, "चालावं माणसानं, पाय जमिनीवर ऱ्हातात." लोकांना यात साधेपणा दिसायचा, आणि जळबांनी तो दिसू दिला. हे पंचावन्न वर्षं निभलं. मग त्यांची लेक आकांक्षा आरोग्य केंद्रात नर्स म्हणून लागली, स्कूटी घेतली, आणि बाळापूरला जाताना बापाला मागं बसवून चौकात सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, नीट धरा, पडाल." जळबांनी मांडीवरची पिशवी धरली. त्या दिवसापासून त्यांच्या मनानं घेतलं.

एकतीस डिसेंबरला आकांक्षानंच सांगितलं की आमच्याकडं सगळे नवीन वर्षाचे संकल्प लिहून राहिले, तुम्हीबी लिहा. मनातलं लिहायचं, कोणाला दाखवायचं नसतं. जळबा कार्यालयात कोरा कागद घेऊन बसले. तासभर काही सुचेना. मनातलं लिहायला हाताला वळणच नव्हतं. शेवटी त्यांनी कपाटातून ठरावाचा आखीव कागद काढला आणि हात आपोआप धावू लागला:

"विषय: नवीन वर्षात सुधारणा करणेबाबत. ठराव: श्री. जळबा खंदारे, लिपिक, यांनी (अ) तंबाखू पूर्णतः बंद करावी. (ब) पत्नीचे बोलणे मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. (क) कोणासही न सांगता सायकल शिकावी. कालमर्यादा: तीस एप्रिल. निधी: निरंक. सूचक: जळबा खंदारे."

अनुमोदकाशिवाय ठराव म्हणजे एका चाकाची गाडी. जळबांनी कागद घरी नेला, वरचा भाग दुमडला, सहीची जागा तेवढी उघडी ठेवली आणि स्वयंपाकघरात पद्माबाईंपुढं धरला. अशा दुमडलेल्या कागदांवर त्यांनी आजवर निम्म्या गावाच्या सह्या घेतल्या होत्या. पद्माबाईंनी भाकरीचे हात पुसले, सही केली आणि काही विचारलं नाही. जळबांना हायसं वाटलं. वाटायला नको होतं.

कागद कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये गेला, आणि इथं कामाची एक रीत सांगायला हवी. ग्रामसभेत काय ठरणार हे ग्रामसभेला नंतर कळतं, लिपिकाला आधी. पंचवीस जानेवारीला जळबांनी उद्याच्या सभेचे आठ ठराव लिहून काढले: नाली, पाण्याची टाकी, स्मशानभूमीचा रस्ता, शाळेची भिंत, असे नेहमीचेच. मागच्या सव्वीस जानेवारीलाही हेच होते. फक्त वर्ष बदलायचं. लिहिले, वाळू दिले, त्याच ड्रॉवरमध्ये ठेवले. सकाळी गठ्ठा उचलला, टॅग ओवला आणि झेंडावंदनाला गेले. टॅग आठ कागदांतून गेला की नऊ, हे टॅगला काय माहीत.

झेंडा झाला. बाळापूरहून आणलेल्या जिलेबीच्या टोपल्या दिसतील अशा ठेवल्या होत्या, त्यामुळे सभेला गर्दीही होती. नवीन ग्रामसेवक सोमेश्वर यांच्याकडं दोन गावं. अकराला दुसऱ्या गावची सभा. त्यांनी माईक धरला आणि एका दमात वाचत सुटले. ठराव संपला की "मंजूर?" आणि जिलेबीकडं तोंड करून गावाचं उत्तर "मंजूर." शेजारी जळबा बुकात लिहीत होते. कान बंद, हात चालू. सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते मंजूर. नवव्यांदा 'सर्वानुमते मंजूर' लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण तर आठच ठराव लिहिले होते.

मागून संतराम उठला. कपडे झटकले. चार वर्षांची वाट बघणं संपलं की माणूस असाच सावकाश उठतो.

"भाऊसाहेब," तो ग्रामसेवकांना म्हणाला, "ते नऊ नंबरचं पुन्हा वाचा बरं. माईकवर."

सोमेश्वरांनी वाचलं, आणि या वेळी स्वतःही ऐकलं. 'कोणासही न सांगता सायकल शिकावी' हे वाक्य कर्ण्यातून चौकात गेलं, मशिदीवरून वळलं, बुद्धविहाराला लागून परत आलं. जिलेबीच्या टोपलीवरचं फडकंसुद्धा कोणी उचलेना.

जळबा उभे राहिले. म्हणाले, हे चुकून आलंय, घरगुती आहे, खोडून टाकू.

"काहून?" संतराम म्हणाला. "ह्ये बुक हाय ना जळबाभाऊ? का पाटी हाय?"

यावर जे उत्तर होतं ते जळबांचंच होतं, आणि ते आधीच वापरून झालं होतं. सरपंच गौसियाबी शांत बाई. त्यांनी बुक पुढं ओढलं, नववा ठराव बोट ठेवून वाचला आणि म्हणाल्या की झाला तो बराबर झाला, रद्द करायचा तर एक मेच्या सभेत जळबाभाऊंनी उभं राहून 'मला जमलं नाही' असं लेखी द्यावं. आणि कलम (ब) तर मी म्हणते सगळ्या गावालाच लावावं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुरुषांनी ताबडतोब जिलेबीचा विषय काढला.

त्या दिवसापासून जळबा हे माणूस राहिले नाहीत, सार्वजनिक काम झाले.

कलम (अ) गावानं स्वतःच अमलात आणलं. गुलाबचंदच्या किराणा दुकानात तंबाखूची पुडी मागितली तर तो हात जोडून म्हणाला की ठराव आहे. ज्यांना जळबांनी आयुष्यभर डबी पुढं केली, ती माणसं रस्त्यात थांबवून खिसे चाचपू लागली. कलम (ब) साठी गौसियाबींनी दर शुक्रवारी पद्माबाईंना चहाला बोलवायला सुरुवात केली. तिथं काय अहवाल जातो हे कळायला मार्ग नव्हता, कारण पद्माबाई घरी बोलत होत्या त्या फक्त भाजीबद्दल.

कलम (क) मात्र तालुक्याला गेलं. सोमेश्वरांनी घाईत नऊच्या नऊ ठराव ऑनलाइन चढवले होते. आठ दिवसांत वरून विचारणा आली: नऊ क्रमांकाचं काम कोणत्या सदरात? सोमेश्वर तरुण, घाबरट आणि हुशार. त्यांनी 'क्षमता बांधणी' लिहून टाकलं. मग दुसरी विचारणा: काम सुरू होण्यापूर्वीचा, चालू असतानाचा आणि पूर्ण झाल्यावरचा, असे तीन फोटो जागेच्या नोंदीसह जोडावेत. म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी जळबांना सायकलशेजारी उभं करून 'कामापूर्वीचा' फोटो काढण्यात आला. त्यात ते पडीक विहिरीच्या कठड्यासारखे दिसतात.

सायकल आणि शिक्षण दोन्ही चाँद पाशांचं. हे सरपंचबाईंचे नवरे, पंक्चरचं दुकान चालवतात. हाताखालून आख्खी पिढी सायकल शिकून मोटरसायकलवर गेली. त्यांनी सुरुवातीलाच खुलासा केला.

"जळबाभाय, ही घोड्यासारखी न्हाई. घोड्याला सोताची अक्कल ऱ्हाती. हिला फकत तुमचीच."

जागा ठरली कॅनॉलच्या कडेचा रस्ता, वेळ पहाटेची, म्हणजे कोणी नसेल. पहिल्या दिवशी सतरा माणसं होती. कोणी फिरायला आलं होतं, कोणी म्हैस शोधायला. म्हैस असलेले त्यात दोनच होते. सल्ल्यांचा हिशेब ठेवायचा तर पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस आले आणि त्यातले अडतीस एकमेकांच्या विरुद्ध होते. समोर बघा. चाकाकडं बघा. हँडल घट्ट धरा. हँडल ढिलं सोडा. एका निवृत्त मास्तरांनी सांगितलं की तोल शरीराचा नसतो, मनाचा असतो. हे ऐकत असतानाच जळबा पडले. पडल्यावर त्यांनी पहिल्यांदा चष्मा पाहिला, मग शर्टाच्या खिशातलं पेन, आणि शेवटी गुडघा. लिपिकाचा हाच क्रम असतो.

फेब्रुवारीअखेर ते दहा हात जाऊ लागले. मार्चमध्ये एक अडचण नीट समजली: जळबांना चालवणं जमत होतं, पण चढणं आणि उतरणं जमत नव्हतं. चढायला पायाखाली काहीतरी उंच लागे आणि थांबायला काहीतरी धरायला लागे. चाँद पाशांनी गावभर उंची मोजली. बराबर मापाची वस्तू एकच निघाली, संतरामचा अर्धा ओटा. पूर्ण असता तर उंची साधली असती, पण शेजारी सायकल उभी करायला जागा उरली नसती. संतरामनं हे मोजमाप स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाला की माझ्याच ओट्यावर पाय देऊन जाणार का तुमी. जळबांनी मान खाली घातली. "जा," संतराम म्हणाला, "पडलेले मला जवळून दिसाल."

ते त्याला हवं त्याहून जवळून दिसले. मार्च म्हणजे हळदीचा हंगाम. संतरामनं शिजवलेली हळद ओट्यासमोरच्या अंगणात वाळत घातली होती, ओली, वाफाळती. जळबांनी ओट्यावरून पाय रेटला, सायकल निघाली, समोरून शेळी आली, कोणीतरी "डावीकडं" म्हणालं, कोणीतरी "उजवीकडं" म्हणालं, आणि जळबांनी दोघांचाही मान राखला. पुढचं चाक हळकुंडांवर गेलं. हळकुंडं फिरली. जळबा तीन क्विंटल हळदीत पाठीवर लोळले आणि उठायच्या प्रत्येक प्रयत्नात आणखी थोडे पिवळे झाले. नेमके तेव्हा सोमेश्वर तिथं पोचले. त्यांच्यावर वरून दाब होता. त्यांनी पटकन मोबाइल काढला आणि 'काम चालू असतानाचा' फोटो घेतला. जागेची नोंद स्पष्ट आहे.

चार दिवस रंग गेला नाही. कार्यालयात दाखल्यासाठी येणारा प्रत्येक जण मंगल कार्यालय कोणतं ठरलं ते विचारायचा. आकांक्षानं घरी आणून मलम लावलं आणि म्हणाली की बाबा पुरे, मला त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. संतरामनं मात्र नासलेल्या हळदीबद्दल एक शब्द काढला नाही, आणि याचंच जळबांना जास्त लागलं.

एप्रिल उतरणीला लागला. सत्तावीस तारखेला सोमेश्वरांनी दार लावून, आवाज खाली आणून, एक मार्ग सुचवला. एक मेला मागच्या ठरावांचा अहवाल वाचायचा आहे. आठही ठरावांपुढं आपण नेहमीप्रमाणं 'कार्यवाही चालू' लिहिणारच. नवव्यापुढंही तेच लिहू. कोणाच्या बापाला कळणार नाही.

जळबांनी बुक उघडलं, मागची पानं चाळली. नाली: कार्यवाही चालू. टाकी: कार्यवाही चालू. सालामागून साल, त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात. ते शब्द त्यांनी इतक्यांदा लिहिले होते की आजवर एकदाही वाचले नव्हते. आता स्वतःच्या नावापुढं ते शब्द कसे दिसतील हे त्यांनी मनातल्या मनात लिहून पाहिलं आणि बुक मिटलं.

"न्हाई भाऊसाहेब," ते म्हणाले. "संतरामचा ओटा 'कार्यवाही चालू'त पडला नव्हता. सगळ्यायदेखत पडला होता."

तीस एप्रिल, सकाळचे सात. संतरामच्या ओट्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत पाय न टेकता जायचं, असं सरपंचांनी ठरवून दिलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं. जळबा ओट्याजवळ आले, सगळ्यांना जय भीम, सलाम, रामराम केलं आणि एक हरकत नोंदवली. ठरावात 'कोणासही न सांगता' असे शब्द आहेत. सगळं गाव बघत असताना गेलो तर ठरावाचा भंग होईल.

लोक हसायला लागणार होते, पण जळबांचा चेहरा पाहून थांबले. चाँद पाशा बायकोकडं बघू लागले. गौसियाबी पदर सारखा करत म्हणाल्या, "बराबर हाय. सगळे पाठी करा."

आणि गावानं पाठी केल्या. म्हातारे, बाया, निवृत्त मास्तर, गुलाबचंद, म्हैसवाले दोन आणि बिनम्हैसवाले पंधरा, सगळे भिंतींकडं तोंडं करून उभे राहिले. संतरामही वळला, पण वळण्याआधी त्यानं सायकलचं कॅरिअर धरून ठेवलं, आणि जळबांचा पाय ओट्यावरून सुटला तेव्हा त्यानं कॅरिअर सोडलं, की थोडं ढकललं, हे कोणी पाहिलं नाही.

जळबा निघाले. दोन्हीकडं पाठीच पाठी. कोणी समोर बघा म्हणालं नाही, चाकाकडं बघा म्हणालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते सल्ल्याशिवाय चालले होते, आणि सायकल सरळ जात होती. विहीर गेली, चक्की गेली, बुद्धविहार गेलं. ग्रामपंचायतीच्या दारात एकच माणूस रस्त्याकडं तोंड करून उभं होतं, पद्माबाई. गौसियाबींनी वळा म्हटलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की मी अनुमोदक हाय, मला बघावं लागंल.

सोमेश्वरांनी मान वळवून, हात मागं करून 'काम पूर्ण झाल्यावरचा' फोटो काढला. तो निम्मा हलला आहे, कारण काम थांबलंच नाही. ग्रामपंचायतीच्या दारात धरायला काही नव्हतं. जळबा पद्माबाईंच्या समोरून ताठ मानेनं गेले, त्यांच्याकडं बघून जरासं हसलेही, आणि फाट्याकडं निघून गेले. पाठी केलेलं गाव दहा मिनिटं भिंतीकडं बघत उभं होतं. शेवटी मास्तरांनी भिंतीलाच विचारलं, "झालं का?"

चार किलोमीटर. आखाडा बाळापूरच्या स्टँडवर एक काळीपिवळी उभी होती, तिच्या मागची शिडी जळबांनी दोन्ही हातांनी धरली आणि सायकल पायांखालून पुढं निघून गेली. ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं की कोण गाव, आणि धाप लागलेल्या जळबांनी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. गावाला नवीन नाव पडलं ते तिथं.

मागोमाग आकांक्षाची स्कूटी आली, मागं पद्माबाई. आकांक्षा या वेळी नीट धरा, असं काही म्हणाली नाही. पद्माबाई उतरल्या आणि बोलायला लागल्या. म्हणाल्या, कागद दुमडला म्हणून शाई दुमडती व्हय, मागून सगळं दिसून राहिलं होतं. तुमाला सायकल येत न्हाई हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत हाय. बघायला आला तवा मित्राच्या सायकलवर मागं बसून आला होता, आन् उतरताना धोतर चाकात गेलं होतं. तीस वर्षं बोलले न्हाई. बोलले असते तर तुमी मधीच तोडलं असतं.

जळबांना मध्येच सांगायचं होतं की ते धोतर नव्हतं, पायजमा होता. त्यांनी सांगितलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं. कलम (ब) पूर्ण झालं ते स्टँडवर, सकाळी पावणेआठला.

एक मेला झेंडा झाला, सभा बसली. सोमेश्वरांनी अहवाल वाचला. ठराव एक, नाली: कार्यवाही चालू. दोन, टाकी: कार्यवाही चालू. असं आठपर्यंत. नववा आला तेव्हा त्यांनी बुक जळबांपुढं सरकवलं. जळबांनी चष्मा पुसला, रकान्यात शब्द लिहिला आणि माईक नको म्हणून तसाच वाचला. "पूर्ण."

तो शब्द त्या रकान्यात गावानं बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. टाळ्या वाजायला जरा वेळ लागला. लोकांना आधी त्याची सवय करावी लागली. मग संतराम उठला. कपडे झटकले नाहीत.

"सरपंचबाई, माझी सूचना हाय. नालीचं काम जळबाभाऊच्या नावावर टाका. बाकीच्यायचं चालूच ऱ्हातंय."

अनुमोदनाला पद्माबाईंचा हात सगळ्यांत आधी वर गेला. जळबांनी विरोध नोंदवायला तोंड उघडलं, मग बायकोच्या हाताकडं पाहिलं, संतरामकडं पाहिलं, आणि पेन उचललं. सर्वानुमते मंजूर. अक्षर नेहमीसारखंच आलं, फक्त शिरोरेषा जरा लांब ओढली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नालीची फाईल कॅरिअरला बांधून, संतरामच्या ओट्यावरून पाय रेटून, जळबा तालुक्याला निघाले. या वेळी गावानं तोंडं रस्त्याकडं केली होती. जळबांना उतरणं अजून येत नव्हतं. तेव्हा काम झाल्याशिवाय माणूस थांबणार नाही, असं गाव धरून चाललं.